जवळचा तारा

केदारनाथ सरांनी वर्तमानपत्रातल्या ओळीखाली लाल रेघ इतकी दाबून ओढली की कागदच फाटला. ‘कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी’ म्हणे! निवृत्त होऊन काळ लोटला, तरी विज्ञानाच्या मास्तराची खोड काही जात नव्हती. बायको गेल्यापासून केजच्या त्या घरात भांडायलासुद्धा माणूस उरलं नव्हतं, मग छापणाऱ्यांशीच भांडायचं.

शेजारच्या छबुबाई भाकरी घेऊन आल्या.

“कुनावर तापलात, सर?”

“अहो, प्रकाशवर्ष म्हणजे काळ नव्हे, अंतर! प्रकाश वर्षभरात जेवढा जातो तेवढं. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारासुद्धा चार प्रकाशवर्षांवर आहे.”

“वर्स म्हनायचं आन् अंतर मोजायचं? ह्ये कसं?”

“गेवराई किती लांब?”

“अडीच तास. यष्टीनं.”

“बघा! तास म्हणालात आणि सांगितलंत अंतर.”

छबुबाई हसल्या. मग ताटावरचं फडकं सारखं करत म्हणाल्या, “शिवांजली पंचमीला आली न्हाई औंदा.”

सर चष्मा पुसू लागले. लेक गेवराईला देऊन सात वर्षं झाली होती. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. पाणीच प्यायचं नाही तर जायचं कशाला, म्हणून ते गेलेच नाहीत. मूल काही झालं नाही. दर नागपंचमीला तीच यायची. यंदा फोनवर म्हणाली, “अप्पा, गल्लीतल्या बाया विचारतात, तुजे वडील काहून येत न्हाईत. काय सांगू? आता मी बी येत न्हाई.” त्यानंतर तिनं फोन उचलला नव्हता.

“रीत हाय, सर,” छबुबाई समजुतीनं म्हणाल्या. “आमचे आबा तर वेशीवरनंच माघारी फिरायचे. थोरला झाला तवा कुटं त्यांनी उंबरा वलांडला.”

“आणि झालाच नसता तर?”

“भाकर निवायली,” एवढं म्हणून छबुबाई गेल्या.

सरांनी ताट बाजूला सारलं. तारा कितीही लांब असो, त्याचा उजेड निघालेला असतो, हे त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं. आणि आपण? अडीच तासांवर पोटची पोर, अन् आपण घरातून निघालोच नाही. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते गेवराईला गेले. पत्ता विचारत विचारत घर गाठलं. शिवांजलीनं दार उघडलं.

“बसा, अप्पा,” ती कशीबशी म्हणाली. सवयीनं आत वळली, अन् मधेच थांबली. “मी... दुकानातून पाण्याची बाटली आणते.”

“बाटली कशाला? तुझ्या माठातलं दे.”

तिनं तांब्या-पेला आणला. थोडं पाणी फरशीवर सांडलं. सर एका दमात प्यायले. ती पदर तोंडाला लावून तशीच उभी होती.

सरांनी रिकामा पेला पुढं केला.

“आणखी दे,” ते म्हणाले.