कालव्याकाठची फवारणी

पाखरूताई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवणारी बाई दर रविवारी वही-पेन्सिल घेऊन कालव्याकाठी फुलपाखरं मोजत हिंडते म्हटल्यावर वसाहतीनेच ते तिला चिकटवलं. तिनेही हसून चालवून घेतलं. ती भाऊ-वहिनीकडे राहायची. त्यांची नऊ वर्षांची चिमी आईपेक्षा आत्यालाच जास्त बिलगलेली असे.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी ताईने चाळिसाच्या वर फुलपाखरं मोजली होती. यंदा अकरा भरली, तीही ओढूनताणून. कारण शोधायला लांब जायला नको होतं. बागखात्याची माणसं दर आठवड्याला पाठीवर टाकी बांधून येत आणि कुंपणापासून कालव्यापर्यंत दिसेल त्या पानावर कीटकनाशक मारून जात. मागे झाडांखाली अळ्यांचा सडा पडे.

ताईने दीड वर्ष हेलपाटे घातले. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती बागखात्यात जाऊन बसायची. दारोदार फिरून तिने तीनशे सह्या जमवल्या. तळमजल्यावरचे आजोबा सही करता करता म्हणाले, "ताई, माझी बायको मलाच घरात ठेवायला तयार नाही, आणि तुम्ही अळ्या ठेवून घ्या म्हणता!"

शेवटी बागखात्याच्या साहेबांनीच हात टेकले. "सहा महिने फवारणी बंद करून बघू," ते म्हणाले. "पण मागणी तुमची, जबाबदारीही तुमची."

तिसऱ्या महिन्यात कालव्याकाठच्या लिंबांवर अळ्या दिसू लागल्या. चिमीने पानंपान उलटून पाहिलं आणि ओरडली, "आत्या, सत्तावीस!" त्या दिवशी ताई दुकानातही गुणगुणत होती.

आणि मग वसाहतीत तापाची साथ आली.

आधी दोन मुलं आजारी पडली, मग आठवडाभरात अकरा. कोणीतरी म्हणालं, डास वाढलेत. कोणीतरी म्हणालं, वाढणारच, फवारणी कोणी बंद केली? नळावर ताई दिसली की बोलणं थांबू लागलं. शेजारीण मात्र तोंडावर म्हणाली, "तुमच्या किड्यांपायी आमची पोरं तापाने फणफणतायत."

"अहो, डास पानांवर नाही होत, साचलेल्या पाण्यात होतात," ताई पोटतिडकीने सांगायची. ती गच्चीगच्चीवर चढून जुनी पिंपं पालथी करून आली. कोणी अडवलं नाही, पण मदतीलाही कोणी आलं नाही.

त्या गुरुवारी चिमी शाळेतून आली ती भिंत धरतच. शनिवारी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिच्या इवल्याशा हाताला सुई टोचलेली होती. वहिनी ताईकडे पाठ करून चिमीच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बागखात्याचे साहेब थेट दवाखान्यात आले, कागद घेऊन. बंदी ताईच्या अर्जावर झाली होती, तेव्हा ती उठवायलाही तिचंच पत्र हवं होतं.

"त्या औषधाने डास जाणार नाहीत, साहेब. मरतील त्या अळ्या."

"ते मला सांगू नका. खाली पन्नास माणसं उभी आहेत, त्यांना सांगा."

ताईने भावाकडे पाहिलं. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "खरं असेल गं तू म्हणतेस ते," तो म्हणाला. "पण नसलं तर? कर सही."

तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्या आल्या. दुपारी ताई कालव्याकाठी गेली तेव्हा पानं ओली होती आणि औषधाचा वास घशात बसत होता. चार अळ्या अजून वळवळत होत्या. त्या तिने रुमालात घरी आणल्या, ताजी पानं घातली. दोन दिवसांत चारही काळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात मुलांच्या रक्ताच्या आणि पाण्याच्या तपासणीचा कागद आला. डासांचा काही संबंध नव्हता. वसाहतीच्या पाण्याच्या टाकीत गटाराचं पाणी झिरपत होतं, साऱ्या मुलांना टायफॉइड झाला होता. टाकी धुतली, औषधं बदलली, पोरं एकेक करून घरी आली. चिमी आली तेव्हा वहिनीने ताईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. कालव्याची गोष्ट मात्र कोणी काढली नाही.

फवारणी पुन्हा थांबवा म्हणून सांगायला ताई बागखात्यात गेली. साहेबांनी फाईल उघडून तिच्यापुढे फिरवली. "वर्षभराचं काम ठेकेदाराला दिलंय आता. आणि सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे."

"मग मी काय करू, सांगा."

तिने फाईल मिटून त्यांच्यापुढे सरकवली.

घरी भाऊ दारातच उभा होता. "काय म्हणाले?"

"सही माझी आहे म्हणाले."

तो खाली मान घालून म्हणाला, "मीच करायला लावली तुला."

"तू बाप आहेस, दादा. दुसरं काय म्हणणार होतास?" चपला काढत ती म्हणाली. "आणि उद्या पुन्हा तशीच वेळ आली ना, तर मी पुन्हा करीन. तेच तर सहन होत नाही."

आतून चिमीने हाक मारली. तिला पाणी हवं होतं. ताईने उकळून ठेवलेलं पाणी पेल्यात ओतलं आणि ती आत गेली.