सातवीच्या पोटात गंगाजल

मी सातवी बोलतेय. सातवीतली मुलगी नव्हे हो, सात नंबरची शर्यतीची गाडी! जरा भराभर ऐका, कारण एका जागी उभं राहून गप्पा मारायचा माझा स्वभाव नाही.

चाकं उघडी, छप्पर नाही, दार नाही, आत जागा एकाच माणसाची. तीही अशी, की पाय लांब करून आत सरकावं लागतं. मागच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवायची, पाहुणे कोंबायचे, असले लाड माझ्यात नाहीत. मी जन्मले ती पळायला. आणि नशीब बघा, निम्म्याहून जास्त आयुष्य उभ्यानं गेलं.

जन्म कोइमतूरच्या एका शेडमधला. नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग आणि पाठीला एका छोट्या मोटारीचं इंजिन. आम्ही सात बहिणी, एकाच मापाच्या. रंगाचा वास अंगावर असतानाच आम्हाला ट्रकमध्ये दोरखंडांनी करकचून बांधलं आणि थेट काशीला आणलं. पळणारीला बांधून न्यायचं! वाटभर नुसती धुसफुसत होते मी.

आम्हाला आणलं प्रल्हादकाकांनी. काका रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घर ब्रह्माघाटावर, तिसरी पिढी काशीत, पण घरात बोलणं मराठीच. त्यांच्या डोक्यात एकच खूळ. म्हणायचे, "दक्षिणेतली पोरं मिसरूड फुटायच्या आत शर्यतीच्या गाडीत बसतात. आणि आमच्या पोरांनी काय, नुसती नाव वल्हवायची?" म्हणून त्यांनी पूर्वेकडच्या पोरांसाठी शर्यतींची मालिका सुरू केली. पाटणा, गोरखपूर, प्रयाग आणि बनारसची सोळा ते वीस वर्षांची पोरं यायची. रामनगरच्या पुढे ओस पडलेली एक जुनी धावपट्टी होती. तिच्यावर टायर आणि ड्रम मांडून वळणं केली, कडेला पत्र्याची शेड उभी केली, की झाली शर्यतीची तयारी.

काकांचा एक नियम मोठा कडक होता. कुणाची गाडी ठरलेली नाही. सरावाला वेगळी चिठ्ठी, शर्यतीला वेगळी. श्रीमंताच्या पोराला चांगली गाडी आणि गरिबाच्या पोराला खटारा, हा प्रकारच नको. म्हणून मला मालक असा कधी मिळालाच नाही. कुणी बसायच्या आधी मला नमस्कार करी, कुणी चघळलेलं च्युइंगम सीटखाली चिकटवून जाई. एक तर घाबरून सगळी शर्यत दुसऱ्या गिअरमध्ये चालवून आला. जीव नकोसा केला मेल्यानं!

मग मृणालिनी आली. सतरा वर्षांची, दुर्गाघाटावरच्या वैदिकांच्या घरातली, किडकिडीत आणि हट्टी. घरात मराठी, बाहेर पडली की तोंडात अस्सल बनारसी हिंदी. आई लहानपणीच गेलेली, वाढवलं ते शरदिनीआत्यानं. आत्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. पहिल्यांदा मला पाहिलं तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "अगं मृणाल, ही गाडी आहे की पन्हाळं? यात माणूस बसतं?"

पण मृणालिनी चालवायला लागली आणि आत्यांचं म्हणणं हळूहळू बदललं. पोरीचा हात हलका होता. वळणावर ती मला ओढायची नाही, नुसती वाट दाखवायची. मी आपली सुसाट. तिच्या हाती पडले की मला आपण कशासाठी जन्मलो ते आठवायचं.

त्या वर्षी शेवटची शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. मालिकेत जो पहिला येईल, त्याला कोइमतूरचे गाड्या बनवणारे वर्षभर शर्यत शिकायला बोलावणार होते, राहणं-खाणं सगळं त्यांच्याकडे. गुणांत मृणालिनी आणि गोपीनाथ अगदी बरोबरीत. गोपीनाथ रामनगरचा, बापाचं लस्सीचं दुकान, स्वभावानं सालस पोरगा. दोघांत जो पुढे येईल तो जाणार, इतका साधा हिशोब होता. मृणालिनीच्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "यंदा झालं तर झालं. नाहीतर ही धावाधाव बंद, मुकाट्यानं कॉलेज." पोरीच्या हातात तेवढी एकच संधी होती.

खंडेनवमीला सकाळी सराव झाला. चिठ्ठीत मृणालिनीला मी आले होते. सराव संपल्यावर काकांनी माझं इंजिन थंड होऊ दिलं, रेडिएटरमधलं जुनं कूलंट काढून टाकलं, नवं भरायचं म्हणून झाकण उघडंच ठेवलं आणि चहाला गेले.

तेवढ्यात आत्या आल्या. हातात पूजेचं ताट आणि अहिल्याबाई घाटावरून भरून आणलेला गंगाजलाचा डबा. घरातल्या पळी-पंचपात्रापासून विळी-अडकित्त्यापर्यंत सगळ्यांची पूजा आटोपून त्या माझ्याकडे आल्या होत्या. मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग त्यांचं लक्ष उघड्या झाकणाकडे गेलं. आत डोकावल्या, तर ठणठणीत कोरडं!

"अगंबाई, उपाशी ठेवलीय की बिचारीला," आत्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि त्यांनी अख्खा डबा माझ्या पोटात रिकामा केला. पूर नुकताच ओसरलेला, गंगेचं पाणी अजून गढूळ. आणि वर काय म्हणाल? तुळशीची चार पानं आणि मूठभर अक्षता! मंत्र म्हणत म्हणत, एकेक चिमूट करून घातल्या हो. झाकण नीट लावलं, मला ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली आणि गेल्या.

मी ओरडणार तरी कशी? काका परतले, तर झाकण घट्ट लावलेलं. आपणच भरलं असेल असं समजून पुढच्या गाडीकडे वळले. वय झालं होतं काकांचंही. दसऱ्याला सुट्टी. ते तांदूळ माझ्या पोटात निवांत भिजत पडले आणि मी शेडमध्ये तडफडत राहिले.

शर्यतीच्या सकाळी पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या. मृणालिनीला तिसरी आली. मी गेले गोपीनाथकडे.

आत्यांचा चेहरा पडला. मृणालिनी हेल्मेट घालत होती, तिथे जाऊन त्या हळहळल्या, "काय गं हे! मी सातवीच्या पोटात गंगाजल घातलं, तुळस, अक्षता, सगळं केलं. आणि आता तो आशीर्वाद त्या लस्सीवाल्याच्या पोराला जाणार!"

"पोटात म्हणजे? कुठे घातलंस?"

"ते पुढचं झाकण नाही का, तिथे."

मृणालिनी पांढरीफटक पडली. तिसरीत जाऊन बसली. मी बाजूलाच उभी होते, मला तिचे हात दिसत होते. स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेले. तिला सगळं कळलं होतं. नुसतं गप्प बसायचं, बास. दहा-बारा फेऱ्यांत मी उकळणार, गोपीनाथ बाहेर पडणार आणि कोइमतूर तिचं.

मग ती उठली. तरातरा काकांकडे गेली आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. काकांनी माझं झाकण उघडलं. फुगलेल्या अक्षता नळ्यांच्या तोंडाशी चिकटून बसल्या होत्या. काकांनी कपाळावर हात मारला.

"सत्यानाश! रेडिएटर उतरवून धुवायला दुपार जाईल. धावपट्टी आपल्याला दुपारपर्यंतच मिळालीय. सातवी बाद. गोपीनाथही बाद."

"नाही काका. त्याला तिसरी द्या, मी सातवी घेते. चूक आमच्या घरची आहे."

"अगं, इंजिन जाईल! ते गेलं तर नवं आणायचं कुठून?"

"नाही जाऊ देणार. शब्द देते."

काकांनी मान हलवली. नियमात अदलाबदल चालत होती, दोघं राजी असली म्हणजे झालं. ती गोपीनाथकडे गेली. "सुन, हमें सातवाली की आदत है. बदलेगा?"

"पक्का? तीनवाली तो उड़ती है, मृणाल!" तो चकित होऊन म्हणाला.

"उड़ा ले फिर," ती म्हणाली आणि माझ्यात येऊन बसली.

झेंडा पडला. मी झेपावले. म्हणजे झेपावायला निघाले, पण ही बाई मला सोडेल तर ना! दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिलं की पुढच्याची गरम हवा तोंडावर येते, म्हणून ती मला सारखी बाजूला, मोकळ्या वाऱ्यात काढी. गिअर लवकर बदली. सरळ रस्ता संपायच्या आधीच पाय उचलून मला नुसती वाहू देई. मी आतून धुमसत होते. अगं, पळू दे की! मी काय पूजेतली घंटा आहे, हळूच वाजवायला? हेल्मेटच्या आतून ती पुटपुटत होती, "थांब गं बये, जरा थांब. आत्तापासून जीव नको काढूस." गरमीचा काटा चढे, ती पाय उचली, काटा जरासा उतरे. पोटात तांदूळ नळ्यांना गच्च बसत चालले होते. तरी वळणावळणाला तिनं एकेकाला गाठलं. शेवटची फेरी आली तेव्हा पुढे फक्त गोपीनाथ होता, हातभर अंतरावर.

शेवटची सरळ पट्टी. काटा लाल रेघेला टेकलेला. मी अंगातलं सगळं बळ गोळा केलं होतं. अजून एकदाच दाब, पोरी! जाईल इंजिन तर जाऊ दे, मी आहे ना! गोपीनाथचं मागचं चाक माझ्या नाकाशी आलं होतं.

तिनं पाय उचलला.

गोपीनाथ पहिला आला. आम्ही दुसऱ्या. रेघ ओलांडून मी थांबले आणि माझ्या अंगातून भसाभस वाफ सुटली. आत्या धावत आल्या, "काय झालं गं? काय झालं?"

मृणालिनीनं हेल्मेट काढलं. डोळे लाल झालेले. म्हणाली, "तुझं गंगाजल होतं म्हणून शेवटपर्यंत टिकली बघ. नाहीतर मधेच बसली असती."

आत्या नुसत्या वाफेकडे बघत राहिल्या.

मी पोरीवर भयंकर चिडले होते. पुढे काकांनी रेडिएटर उतरवून उलटा केला, तेव्हा आतून आसट भाताचा लगदा बाहेर पडला. काका म्हणाले, "आणखी थोडी दामटली असती तर इंजिन कायमचं गेलं असतं." तेव्हा कुठे माझा राग शांत झाला. तसा तो पूर्ण कधीच गेला नाही, खरं सांगते.

गोपीनाथ कोइमतूरला गेला. जाताना माझ्या नाकावर थाप मारून गेला, बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. मृणालिनी कॉलेजात गेली, मग विद्यापीठात नोकरीला लागली. काही वर्षांनी मालिकाही थकली. बहिणी विकल्या गेल्या, एकीचे तर सुटे भाग करून नेले. मला मात्र काकांनी विकलं नाही. अजून त्याच शेडमध्ये आहे. कबुतरं येऊन बसतात, मांजरीनं एकदा सीटवर पिल्लं घातली. मी पळणारी, आणि माझी बाळंतिणीची खोली केली मेल्यांनी!

दर खंडेनवमीला आत्या येतात, मृणालिनी त्यांना घेऊन येते. हळदकुंकू होतं, माळ होते. त्या शर्यतीचं कुणी नाव काढत नाही.

आज पुन्हा खंडेनवमी. आत्या काठी टेकत आल्या. ताट होतं, पण अक्षता नव्हत्या. माझ्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मृणाल, त्या दिवशी वाफेला भाताचा वास येत होता."

मृणालिनी दचकली. "आत्या, तू..."

"जन्मभर भात रांधला गं मी. तो वास मला कळणार नाही होय? आणि शेवटी हिचा आवाज एकदम पडला, तोही ऐकला मी. तू पाय उचललास." आत्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. "तू माझ्यासाठी खोटं बोललीस, म्हणून मीही इतकी वर्षं न कळल्यासारखं केलं. आता पुरे. प्रल्हादरावांना सांगून नवं इंधन, नवं तेल, सगळं भरून घेतलंय. पाणीसुद्धा त्यांनीच भरलं, मी हात लावलेला नाही. धावपट्टी मोकळी आहे. बस आत."

"आत्ता? साडीवर?"

"खोच ती. आणि हे बघ, आज पाय उचलायचा नाही."

ती हसत होती की रडत होती, मला नीट कळलं नाही. पण साडी खोचून, पाय लांब करून ती आत सरकली. तोच हलका हात. काकांनी मागून ढकललं. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि पेटलं!

बास, झालं माझं सांगून. आता तेवढे समोरून बाजूला व्हा.