अर्ध्या सुतकातला मासा

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे, पण शोभेची नव्हे. शोभेच्या टाकीत वाळू असते, रंगीत खडक असतात, वर दिवा असतो. माझ्या तळाशी काहीच नाही. लपायला पांढऱ्या पाइपाचे दोन तुकडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज, आणि बाकी नुसते खारे पाणी. समुद्रातून पकडलेला नवा मासा आधी माझ्याकडे येतो. त्याने अंगावर काही रोग आणला आहे का, तो माणसाच्या हातचे खातो का, हे कळेपर्यंत तो माझ्यात एकटा राहतो. तुम्ही याला विलगीकरण म्हणता.

माझी काच पूर्वी आग्वादा गावातल्या एका पावाच्या दुकानात होती. ते दुकान बंद पडले तेव्हा लिसांद्रोने ती काच उचलून आणली, कापली आणि सिलिकॉन लावून जोडली. पहिल्यांदा मी गळले. तो हसला, मला सोडवून पुन्हा जोडले, आणि मग मी कधी गळले नाही.

लिसांद्रो पाणबुड्या होता. पोर्तो रिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांत राहणारे रंगीबेरंगी मासे तो हातजाळीने धरायचा. ते दूरदूरच्या लोकांच्या घरी टाक्यांत जायचे. मासा खोलातून एकदम वर आणला तर फुगून मरतो. म्हणून तो माशांची झाकणाची बादली दोरीने होडीखाली अर्ध्या पाण्यात टांगून ठेवायचा आणि हळूहळू वर ओढायचा. घरी आले की मासे त्याची बहीण एनेइदा हिच्या ताब्यात.

एनेइदाचे नियम कडक होते. माझी जाळी वेगळी, माझी बादली वेगळी. माझ्या पाण्यात बुडवलेला हात धुतल्याशिवाय दुसऱ्या टाकीत जायचा नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले की मोजून तांब्याचे औषध. न खाणाऱ्या माशासाठी ती तिसऱ्या उघडून शिंपल्यांसकट ठेवायची, कोळंबी ठेचून लसणाच्या रसात मुरवायची.

"तू माशांची नर्स नाहीस गं, जेलर आहेस," लिसांद्रो चिडवायचा.

"आणि तू कोण? चोर तू, आणि कोठडीत बसतात ते!" ती म्हणायची.

एनेइदाच्या हातून गेलेला मासा जगतो, असे लोक म्हणत. त्या कौतुकात माझाही थोडा वाटा होता, असे मला वाटायचे.

मग एके दिवशी लिसांद्रो एकटाच समुद्रावर गेला. त्याचा जोडीदार चागो नेहमी बरोबर असायचा, पण त्या दिवशी त्याची दाढ सुजली होती. संध्याकाळी होडी देसेचेओ बेटाच्या अलीकडे सापडली. होडीत कोणी नव्हते. बाकावर लिसांद्रोचा पाणबुड्याचा मुखवटा ठेवलेला होता, डोळे आणि नाक झाकणारा, काळ्या रबराचा, पुढे काच असलेला. तो कोरडा ठणठणीत होता. होडीखाली मात्र बादली टांगलेली होती आणि तिच्यात एक मासा जिवंत होता.

मुखवट्यावाचून लिसांद्रो पाण्यात कधी उतरत नसे. मग मासा धरला कोणी आणि कसा, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. बरेच दिवस शोध चालला. लिसांद्रो सापडला नाही.

चागोने मुखवटा आणि बादली दोन्ही घरी आणून दिले. एनेइदाने मुखवटा माझ्यासमोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि मासा माझ्यात सोडला. तोंडाकडून तो हळदीसारखा पिवळा होता, मागून काळाभोर, आणि डोळ्यांवर निळी कड. तिकडचे कोळी त्याला 'मेदिओलुतो' म्हणतात. म्हणजे अर्ध्या सुतकातला.

मित्रांनो, हा मासा फार नाजूक. समुद्रात तो खडकांना चिकटून वाढणारे स्पंज नावाचे मऊ जीव खातो, आणि टाकीत आल्यावर कित्येकदा उपाशीच मरतो. हा तर पाइपातून बाहेरच येईना. तिसऱ्या पडून राहिल्या. कोळंबी पडून राहिली. एनेइदाने धक्क्याच्या खांबांवरचे स्पंज खरवडून आणले, तेही त्याने हुंगले नाहीत. त्याची पाठ सुरीसारखी धारदार दिसू लागली.

"मोठ्या टाकीत सोड त्याला," चागो म्हणाला. "चार जणांत राहील तर खाईल तरी. एकटा माणूससुद्धा जेवत नाही नीट."

"अंगावर ठिपके आहेत त्याच्या. बाकीचे सगळे मरतील."

"मग परत समुद्रात सोड."

"असा? याला पोहायची ताकद नाही राहिली, चागो. आणि..." ती थांबली. "दादाला शेवटचं बघितलंय ते यानंच. याला मी मरू देणार नाही."

घरात आणखी एक जीव खात नव्हता. त्यांची आई, डोन्या मोन्सेरात. तिने खुर्ची दाराशी समुद्राकडे तोंड करून ठेवली होती. एनेइदा तिच्यापुढे आसोपाव ठेवायची, कोंबडी घातलेला पातळ, वाफाळता भात. त्यावर साय धरायची आणि वाटी तशीच परत जायची. एनेइदा दिवसभर या दोघांच्या मध्ये ये-जा करी, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात शिंपला.

एके दुपारी ती माझ्यासमोर मटकन बसली. काय मनात आले कोण जाणे, तिने खिळ्यावरचा मुखवटा काढला, डोळ्यांवर चढवला आणि चेहरा माझ्या काचेला टेकवला.

मासा पाइपातून बाहेर आला.

सरळ पोहत आला तो, त्या काचेच्या चेहऱ्यासमोर, आणि तिथेच स्थिर राहिला. एनेइदाने श्वास रोखून स्पंजाचा तुकडा चिमट्याने पाण्यात धरला. माशाने एक लचका तोडला. मग दुसरा.

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी किंचाळले. आई दारातून आत आली होती. तिला पाण्यापलीकडून दिसला तो मुखवटा, आणि त्याच्या आत माणसाचे डोळे.

"लिसांद्रो!"

मुखवटा काढायला हवा होता, हे एनेइदाला कळत होते. पण मासा खात होता. तिने हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईची खुर्ची दारातून उठून माझ्यापाशी आली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुखवटा, आणि मध्ये मी. पाण्यातून माणसे जरा मोठी दिसतात, जरा वाकडी. पाण्याआडून हे कोणाचे खांदे आणि ते कोणाचे, असे सांगता येत नाही.

"पाणी गार आहे का रे तिथे?" आईने विचारले.

एनेइदाने चिमट्यात नवा तुकडा धरला. मग म्हणाली, "नाही आई."

मुखवट्यात नाक दाबलेले असते, त्यामुळे आवाज बदलतो. तो आवाज थेट तिच्या भावासारखा निघाला. ती स्वतःच दचकली; मला तिच्या कपाळाचा थरकाप कळला. पण त्या दिवशी आईने अर्धी वाटी आसोपाव खाल्ला.

असे दिवस गेले. माशाची पाठ भरली, औषधाने अंगावरचे ठिपके गेले. आईच्या गालांवर रंग आला. फक्त एनेइदाच्या चेहऱ्यावर मुखवट्याचा गोल वळ उमटला होता, तो आता जेवताना, झोपताना, कधीच जात नव्हता. आणि ती जेवायची तरी कधी, हे मला ठाऊक नाही. आई तिला आता मुखवट्याशिवायही लिसांद्रो म्हणू लागली होती, आणि ती ओ देऊ लागली होती.

चागो आला आणि तिच्याकडे बघून उंबऱ्यातच थबकला.

"हे काय आरंभलंयस? चालायला पण त्याच्यासारखी लागलीस तू!"

"काही नाही."

"काही नाही? काल अंगणात मला 'काय रे बोक्या' म्हणालीस. तसं मला तो एकटा म्हणायचा."

एनेइदा गोंधळली. आपण असे म्हटल्याचे तिला आठवतच नव्हते.

"काढ तो मुखवटा आणि फेकून दे," चागो म्हणाला.

"हा उतरवला की दोघंही उपाशी राहतील, चागो. तूच सांग, कुणाला मरू देऊ?"

तो उंबऱ्यातूनच परत फिरला.

आता मी जे सांगणार आहे, ते तुम्हाला खरे वाटणार नाही. मी काच आहे. मला जे जाणवले तेवढेच मी सांगू शकते.

भरदुपार होती. एनेइदा स्पंज आणायला धक्क्यावर गेली होती. वीज गेली, बुडबुडे थांबले आणि खोली एकदम मुकी झाली. आई खुर्चीत डुलक्या घेत होती. मुखवटा खिळ्यावर होता. आणि मासा पाइपातून बाहेर आला, रोजच्या जागी येऊन थांबला, जणू समोर कोणी बसले आहे.

समोर कोणी नव्हते. पण माझ्या बाहेरच्या काचेवर रबराची गोल कड टेकली. ती थंड होती, इतकी थंड की तशी या बेटावर कोणतीच वस्तू नसते. माशाने तोंड उघडले, काहीतरी तोडले, चघळले. पाण्यात मला काहीच दिसले नाही. आईने डोळे उघडले.

"जेवलास का रे?" तिने विचारले.

आवाज मला थरथर म्हणून कळतो. खोलीत कोणी बोलले की ती थरथर बाहेरून आत येते. मित्रांनो, त्या दिवशी उत्तर आले, आणि ती थरथर पाण्याकडून बाहेर गेली.

एनेइदा परतली तेव्हा आई शांतपणे हात पुसत होती. शेजारची वाटी रिकामी होती.

"आत्ताच जेवलो आम्ही दोघं," आई म्हणाली.

"दोघं? मी तर आत्ता येतेय."

"तू नाही गं." कितीतरी दिवसांनी आईने तिला 'रे' न म्हणता 'गं' म्हटले होते. "तो. निरोप सांगितलाय त्यानं तुला. म्हणाला, माझा चेहरा परत दे म्हणावं."

एनेइदाने माझ्याकडे पाहिले. बाहेरच्या काचेवर गोल ओला वळ होता. तिने भिंतीकडे पाहिले. मुखवट्यातून थेंब थेंब पाणी गळत होते आणि खाली फरशीवर ओल पसरली होती. तिने एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट होता.

ती ओरडली नाही. तिने मुखवटा टॉवेलात गुंडाळला, चागोला हाक मारली आणि दोघे उजेड असतानाच होडी घेऊन गेले. पुढचे मला तिने चागोशी केलेल्या बोलण्यातून कळले. जिथे रिकामी होडी सापडली होती, तिथे तिने मुखवटा दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. रबराचा मुखवटा थोडा तरंगेल असे त्यांना वाटले होते. तो सरळ खाली गेला, कोणी हातातून घ्यावा तसा.

पण एवढ्याने काही संपले नाही. मासा पुन्हा पाइपात शिरला. आई एनेइदाला पाहून तोंड फिरवू लागली. "कुठे पाठवलंस त्याला?" एवढेच ती विचारायची.

एनेइदा रोज उघड्या चेहऱ्याने माझ्यासमोर बसू लागली. चिमट्यात स्पंज, मांडीवर आसोपावची वाटी. ती कोणाला आग्रह करत नव्हती. हात अवघडला की बदलायची. माझे पाणी रोज थोडे बदलायची, उष्टे काढून घ्यायची, आणि पुन्हा बसायची. तिच्या चेहऱ्यावरचा वळ हळूहळू फिका होत गेला. पलीकडे आई बसलेली असायची, पाण्यातून बघत.

एके दुपारी माशाचे पिवळे तोंड पाइपाबाहेर आले. तो थांबला. पुढे आला, मागे गेला. एनेइदाचे डोळे भरून आले होते, पण तिने पापणीसुद्धा हलवली नाही. मासा तिच्या उघड्या चेहऱ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने स्पंजाचा तुकडा तिच्या चिमट्यातून ओढून घेतला.

आई पलीकडून हे बघत होती. ती उठली, खुर्चीला धरत माझ्याभोवतीने फिरून आली, आणि लेकीसमोर उभी राहिली. आता त्यांच्यामध्ये पाणी नव्हते. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या बसक्या गालांवरून अंगठे फिरवले.

"एनेइदा," ती म्हणाली. "किती वाळलीस गं पोरी! कुणी तुला खायला घातलं नाही का?"

आणि मांडीवरची वाटी उचलून तिने पहिला चमचा लेकीच्या तोंडात दिला.

त्यानंतर मला कित्येक वर्षे काम मिळाले. अनेक मासे माझ्यात आले, बरे झाले आणि गेले. तो अर्ध्या सुतकातला मासा बैठकीतल्या मोठ्या टाकीत खूप जगला. आता एनेइदाची नजर अधू झाली आहे, तिने हा धंदा सोडला आहे, आणि मी मागच्या पडवीत कोरडी पडून आहे. माझ्या कडांवर मिठाची पुटे आहेत, आत पाली राहतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

एकच सांगते, मित्रांनो. समुद्रातून आलेल्या जिवाला घाईने गर्दीत ढकलू नका. त्याला आडोसा द्या, स्वच्छ पाणी द्या, त्याच्या सवयीचा घास शोधून आणा आणि तो खाईपर्यंत थांबा. आणि तुमच्या घरात कोणी माणूस दुःखाने असा काचेपलीकडे जाऊन बसला असेल, तर त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाचा चेहरा घालून जाऊ नका. त्याच्या शेजारी ताट वाढा, आणि त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा.