मानेवरचा चिमटा

पार्लरवालीने उतारवयात केसांचे टोप करायला शिकायचं मनावर घेतलं, त्यात तिचा फायदा काय होता ते आधी बघून घेऊ. म्हणजे पुढे कुणी तिला फुकटचं पुण्य चिकटवायला नको. तिला कलेची हौस नव्हती. दयेचा उमाळाही आला नव्हता. तिला महिन्यातली एक दुपार वाचवायची होती, बस्स.

ती दुपार मोठ्या बाईंची. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने अजूनही चांगले बाप्ये सिगारेट पाठीमागे लपवत. दर महिन्याला त्या केस कापायला येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, चष्मा काढून मांडीवर ठेवत आणि कात्री सुरू झाली की सगळ्या जगाचे पेपर तपासायला घेत. बाकीची गिऱ्हाइकं केव्हाच कोपऱ्यावरच्या चकचकीत दुकानात गेली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. परदेशातली मुलगी फोनवर "जेवलीस का?" विचारी आणि उत्तर यायच्या आत "बरं, ठेवते" म्हणे. पार्लरवालीशी पूर्ण वाक्यात बोलणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते केसांच्या वाढीवर अवलंबून होतं.

मग बाईंना आजार झाला, औषधं सुरू झाली आणि केस हातात यायला लागले. केस गेले की कापणं गेलं, कापणं गेलं की बाई गेल्या.

"बाई, मी करते तुमचा टोप," पार्लरवाली बोलून बसली.

"तुला येतो?"

"येईल."

"म्हणजे येत नाही," बाई म्हणाल्या. "शिकून ये. मग बघू."

नाटकांचे टोप विणून डोळे अधू झालेले एक काका चार जिने चढून गेल्यावर भेटत. त्यांच्या खोलीत फळीवर कापडी डोकी ओळीने मांडलेली; नाक-डोळे नसलेली, त्यामुळे तक्रारही न करणारी. काकांनी हातात आकडीची बारीक सुई दिली आणि जाळीच्या एकेका भोकातून एकेक केस ओढून गाठ मारायला लावली. पहिल्याच दिवशी पार्लरवालीने केसांची जुडी सोडली आणि मुळं-टोकं सगळी उलटसुलट केली.

"अहो ताई, हे काय केलंत! मुळं सगळी एका दिशेला हवीत. नाहीतर केस एकमेकांशी भांडतात, सासू-सुनांसारखे. मग फणी घाला नाहीतर नांगर."

"पण आता कुठलं मूळ नि कुठलं टोक, कळायचं कसं?"

"चिमटीत धरून चोळा. केस सरकेल तिकडे मूळ. बसा आता चोळत."

ती चोळत बसली. पुढे एकदा कपाळावरची बट जरा जास्तच कापली गेली, तेव्हा जन्मभराच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "असू दे, वाढतील." काका इतके हसले की कवळी सावरावी लागली. "कशावर वाढतील? कापडावर?"

शेवटचा धडा मानेवरच्या चिमट्याचा. टोप डोक्यावर चढवला की मानेपाशी कापडाला एक चिमटा घेऊन शिवायचा. "सगळा खेळ ह्या चिमट्याचा," काका म्हणाले. "हा घट्ट बसला की माणूस वाको, शिंको, टोप हलायचा नाही. आणि मग गिऱ्हाईकही तुम्हाला परत दिसायचं नाही. धुवायला टोप तेवढा येतो, डोकं घरीच राहतं. काम चांगलं झाल्याची तीच पावती!"

काकांनी गमतीत सांगितलं. पार्लरवालीची सुई मात्र जागच्या जागी थांबली.

टोप तयार झाला. बाई आल्या, रुमाल सोडला. आजवर कितीदा हाताळलेलं ते डोकं पार्लरवालीला एकदम लहान मुलाचं वाटलं. टोप चढवला. बाईंनी आधी चष्म्याशिवाय आरशात पाहिलं, मग चष्मा लावून.

"ही कोण गं? बरी दिसतेय की. पास!"

पार्लरवाली हसली, मागे गेली आणि मानेवर चिमटा घेतला. घेतला, पण मुद्दाम थोडा ढिला ठेवून.

"पंधरा दिवसांनी दाखवायला या हं. कापड सैल पडतं."

"येईन. मलाही घरात बसून भिंतींचे पेपर तपासायचा कंटाळाच आलाय."

त्या आल्या, दोनदा आल्या. दोन्ही वेळा चहा झाला, गप्पा झाल्या आणि चिमटा उसवून पुन्हा तेवढाच ढिला शिवला गेला. पार्लरवालीला वाटलं, आपण कुणाचं काय घेतो? जरा वेळ तर घेतो.

तिसऱ्या खेपेला बाई आल्या नाहीत. त्यांची सून आली, काखेत बुटांचं खोकं घेऊन. खोक्यात टोप.

"शाळेत बक्षीस समारंभ होता," सून म्हणाली. "आईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. एका चिमुरडीच्या गळ्यात पदक घालायला त्या वाकल्या, आणि हा पुढे घसरून थेट तिच्या हातात. अख्खी शाळा हसली हो."

"बाई रागावल्या असतील माझ्यावर."

"छे! त्या म्हणाल्या, टोप चांगलाच आहे, माझं डोकंच आजाराने बारीक झालंय. तिला सांग, तिने वाईट वाटून घेऊ नये."

पार्लरवालीने खोक्याचं झाकण उगाचच लावलं, पुन्हा काढलं.

"डोकं होतं तेवढंच आहे. शिवण मीच ढिली ठेवली होती. सांगाल त्यांना?"

"चुकतं माणसाचं," सून भलेपणाने म्हणाली. "पण त्या आता घराबाहेर पडत नाहीत. तुम्ही तुमच्या त्या फळीवरच्या कापडी डोक्यावरच बसवून द्या."

सून बाहेर बाकावर बसली. पार्लरवालीने कापडी डोक्याला कापूस लावून बाईंच्या डोक्याएवढं केलं. मोजपट्टी लागली नाही, बोटांना माप पाठ होतं. चिमटा घेतला, ह्या वेळी पुरता, आणि दुहेरी दोऱ्याने शिवला. डोकं उलटं धरून झटकलं. टोप तसूभरही हलला नाही.

आता कुणाचं काय गेलं ते बघू. सुनेचा हेलपाटा गेला, तो जातोच आहे. खोकं दर महिन्याला येतं. पोरांना हसायला मिळालं, ते फुकट. किंमत मोजली ती बाईंनी, भर सभेत, आणि वर दोष स्वतःच्याच डोक्याला लावून घेतला. पार्लरवालीच्या वाट्याला आलं ते असं : खोकं आलं की ती टोप धुते, कापडी डोक्यावर चढवते, डोकं खिडकीजवळच्या खुर्चीत उशीवर ठेवते आणि विंचरायला घेते. मानेपाशी आली की बोटाने चिमटा चाचपते. घट्ट असतो.