धुऱ्यावरचा दगड आणि महानंदाबाईंची वाट

मित्रांनो, रानात फिरताना तुम्ही कधी ना कधी माझ्यासारख्या कुणावर तरी बसला असाल. बसून बोरे खाल्ली असतील, चपलेतला काटा काढला असेल आणि मागे न बघता निघून गेला असाल. मला त्याचे वाईट वाटत नाही. दगडाकडे वळून कोण बघते?

शिरूर अनंतपाळच्या बाजूला, एका गावच्या शिवारात, धुऱ्याच्या कोपऱ्यावर मी उभा आहे. धुरा म्हणजे दोन रानांमधला बांध. माझ्या पुढ्यात ग्यानोबांचे रान, ते थेट डांबरी रस्त्याला भिडलेले. माझ्या पाठीशी शिवमूर्तींचे रान, ते ओढ्यापर्यंत उतरत गेलेले. रस्त्यावरून ग्यानोबांच्या रानाच्या कडेने एक पायवाट येते आणि ती माझ्यापाशी संपते.

वडारांनी मला ओढ्याच्या खडकातून काढले आणि छिन्नीने माझी चारही अंगे सरळ केली. ग्यानोबांच्या आणि शिवमूर्तींच्या वडिलांनी मिळून मला इथे अर्धा पुरला, हळदकुंकू लावले. तेव्हापासून मला एकच काम आहे. जागचे हलायचे नाही. दिसायला सोपे आहे. पण बैल अंग घासतात, पोरे उड्या मारतात, आणि येणारा जाणारा विळ्याला धार लावून घेतो. माझ्या पाठीवर जो खळगा आहे तो विळ्यांनीच पाडला आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि चिमण्या येऊन पितात. म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

शिवमूर्तींच्या महानंदाबाई नव्या नवरी होत्या तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन त्या यायच्या, टोपली माझ्यावर टेकवायच्या आणि पदराने तोंड पुसायच्या. पलीकडून ग्यानोबांच्या साखराबाई यायच्या. दोघींच्या सुखदुःखाच्या गोष्टी माझ्या डोक्यावरून इकडे तिकडे गेल्या.

वर्षाचा माझा मोठा दिवस येळवशीचा. वेळ अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळे गाव रानात असते. कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, उभी राहते, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसतात, भज्जी नावाच्या मिश्र भाजीचा आणि ताकातल्या आंबिलीचा वास शिवारभर फिरतो. या दोन घरांची एक रीत होती. आपल्या घरचे जेवायला बसण्याआधी पहिले ताट माझ्या पाठीवर ठेवायचे. महानंदाबाईंचे ताट साखराबाई उचलायच्या आणि साखराबाईंचे महानंदाबाई.

“अक्का, भज्जीत मीठ इसरलाव का आमच्यासाठी मुद्दाम टाकलं न्हाई?” साखराबाई विचारायच्या.

“तुझ्या जिभंला चव उरलीय का? तिखट खाऊन खाऊन जाळून घेतलीस.”

असे म्हणत दोघी एकमेकींचे ताट चाटूनपुसून परत करायच्या.

मित्रांनो, तेव्हा ती पायवाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होती. पुढे दर पेरणीला नांगर तिला थोडा थोडा खात गेला. ग्यानोबांनी मुद्दाम केले नाही आणि शिवमूर्तींनी कधी बोलून दाखवले नाही. ग्यानोबांचे पीक निघाले की शिवमूर्तींची गाडी मोकळ्या रानातून जायची. मग वाट हवी कशाला? अशाने ती शेळीपुरती उरली.

एका हिवाळ्यात शिवमूर्ती गेले. लिंगायत घरातली रीत अशी, की माणसाला जाळत नाहीत. बसवून, फुलांनी सजवलेल्या विमानातून नेतात आणि आपल्या रानात मातीआड बसवतात. विमान चार खांद्यांवर, दोन्ही बाजूंनी माणसे. ते शेळीच्या वाटेवर कसे मावणार? समोर ग्यानोबांची ज्वारी हुरड्यात आलेली, माणसाच्या डोक्यावर गेलेली. रस्त्यावर विमान थांबले. भजन थांबले.

मग ज्वारीतून सपासप आवाज येऊ लागला. ग्यानोबा एकटेच विळा चालवत रस्त्याकडून धुऱ्याच्या दिशेने येत होते. दाण्यांनी भरलेली धाटे दोन्ही बाजूंना पडत होती. रानाच्या मधोमध त्यांनी सरळ वाट पाडली आणि त्या वाटेने शिवमूर्ती आपल्या रानातल्या आंब्याखाली जाऊन बसले. नंतर कुणी नुकसानीचा विषय काढला तर ग्यानोबा म्हणाले, “जनावराला वैरण झाली.”

पुढल्या हंगामात ती वाट पुन्हा पिकाखाली गेली.

महानंदाबाई दर सोमवारी समाधीला यायच्या. विभूती लावायच्या, पाणी घालायच्या, तासभर बसायच्या. पण त्यांचे गुडघे थकत गेले. माझ्यापाशी येईपर्यंतच दम लागायचा. मग सोमवार चुकू लागले. लेक श्रीशैल याचे लातूरला मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान. आईचे हाल त्याला बघवेनात. वाट रुंद झाली तर गाडी थेट आंब्यापर्यंत जाईल, म्हणून ग्यानोबांच्या रानाची कड विकत घ्यायची असे त्याने ठरवले. ठरवले ते चांगलेच होते. केले मात्र उलटे.

सोयाबीन निघून रान मोकळे झाले होते. ग्यानोबांना काही न विचारता तो टेप घेऊन आला, रस्त्यापासून माझ्यापर्यंत मोजले आणि चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची लांबच लांब रेघ ओढली. थोडी फक्की माझ्याही अंगावर पडली. तेवढ्यात ग्यानोबा आले.

“पोरा, कुणाच्या रानात उभा हाईस?”

“काका, मापून बघून राहिलो. तुमी म्हणाल तो भाव देऊ.”

“भाव मी इचारलो का?” ग्यानोबांचा आवाज चढला नाही, पण बारीक झाला. “आदी मागायचं असतंय, मग मापायचं. मला न्हाई इकायचं. जा.”

श्रीशैल गेला. ग्यानोबांनी ती सगळी रेघ पायाने पुसली. पुसत पुसत ते माझ्यापर्यंत आले, माझ्या अंगावरची फक्की धोतराच्या सोग्याने झटकली आणि कितीतरी वेळ आंब्याकडे बघत बसले.

मग येळवस आली. मला वाटले, यंदा माझी पाठ रिकामी राहणार. दोन्ही रानांत कोपी उभ्या राहिल्या, धूर निघाला, पण माझ्याकडे कुणी फिरकेना. एवढ्यात पायवाटेवर काठीचा आवाज आला. एका हाताने ज्वारीची धाटे धरत महानंदाबाई येत होत्या. मागे टोपली घेतलेला श्रीशैल, मान खाली. बाई माझ्यापाशी आल्या, पहिले ताट वाढून त्यांनी माझ्यावर ठेवले आणि शेजारी मातीतच बसल्या. श्रीशैलला म्हणाल्या, “जा तू कोपीकडं. मी बसते.”

आंबिलीवर साय धरू लागली तेव्हा साखराबाई आल्या. हातात ताट होते.

“भावजी रागावलेत न्हवं?” महानंदाबाईंनी विचारले.

“रागावलेत तर त्यांनी जेवू नये. माझं ताट माझं हाय.” साखराबाईंनी आपले ताट पुढे केले. “आन् अक्का, चालत कशाला आलाव? गुडघं काय भाड्यानं आणलेत?”

दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींचेही डोळे भरले. मग ज्वारी हलली. ग्यानोबा येऊन उभे राहिले.

महानंदाबाईंनी पदर सावरला. “भावजी, पोरगं चुकलं. त्याच्या बापानं असं केलं नसतं. आज मी मागाया आले. रानाची कड मला इकत द्या.”

“लेकराचा राग न्हाई, वैनी.”

“मग कशाचा हाय?”

साखराबाई म्हणाल्या, “सांगा की आता. घरात तर भिंतीला सांगून राहिलाव.”

“वाट न्हाई त्या रानाला गिऱ्हाईक न्हाई,” ग्यानोबा शेवटी म्हणाले. “वाट झाली की श्रीशैल इकून मोकळा होईल. त्याचं दुकान लातूरला, पोरं लातूरला. माझ्या पाठीशी कुणीतरी परका येईल, तार मारून बसंल. येळवशीला ह्या दगडावर ताट कोण ठेवंल? आन् आंब्याखाली दादा हाय.”

मित्रांनो, इतकी वर्षे मी दोघांच्या मध्ये उभा आहे, पण या माणसाच्या मनात हे आहे असे मलाही कळले नव्हते.

महानंदाबाई हळू बोलल्या. “ते बसलेत तिथं, भावजी. बसलेल्या माणसाला उठवून मी रान कुणाला देऊ? माझं येणं आज शेवटचं असंल. ह्या पायवाटेनं पुन्हा येणं व्हत न्हाई. त्यांच्यापाशी बसाया मला वाट पायजे, दुसरं काई न्हाई.”

ग्यानोबांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावरून फिरवला. “मग ज्या वाटेनं दादाला नेलं तीच घ्या. सरळ पडंल.”

“मधोमध? तुमचं रान चिरून? औत कुठं वळवाल? कडेनंच द्या. आन् फुकट नको. रीतसर खरेदी करू, म्हणजे तुमच्या लेकरांत आन् माझ्या लेकरांत पुढं कुरबुर न्हाई.”

एव्हाना श्रीशैल मागे येऊन उभा होता. वाकून पाया पडत म्हणाला, “काका, मी हे रान कधी इकणार न्हाई.”

“तू गप. तुझ्या हाताला अजून फक्की हाय,” ग्यानोबा म्हणाले. “खरेदी तुझ्या अव्वाच्या नावानं व्हईल, तुझ्या न्हाई. कबूल?”

“कबूल.”

मग ग्यानोबांनी माझ्या पाठीवरचे गार झालेले ताट उचलले आणि माझ्या शेजारीच मांडी घातली. पहिला घास खाऊन म्हणाले, “वैनी, मीठ कमी हाय.”

ज्वारी निघाल्यावर मोजणी झाली, खरेदी झाली, मुरूम पडला. गाडी वळायची तर कोपऱ्यावरचा मी आडवा येत होतो. यंत्राने ढकलून द्यावे असे कुणीतरी सुचवले. साखराबाई नको म्हणाल्या. ग्यानोबा आणि श्रीशैल या दोघांनी पहारीने मला उकरले. माझे पुरलेले अर्धे अंग तेव्हा पहिल्यांदा उन्हात आले. ते काळेभोर, नवेकोरे होते. त्यावर छिन्नीचे ठसे जसेच्या तसे. ग्यानोबांनी त्यावरून हात फिरवला. “माझ्या बापानं आन् तुझ्या आज्यानं ह्याला उचलला होता,” ते श्रीशैलला म्हणाले. नव्या हद्दीवर, वाटेच्या कडेला, त्यांनी मला पुन्हा अर्धा पुरला. हळदकुंकू साखराबाईंनी लावले.

आता दर सोमवारी गाडी येते. ती थेट आंब्यापर्यंत जाऊ शकते, पण महानंदाबाई तिला माझ्यापाशी थांबवतात. उतरून हातातली टोपली माझ्यावर टेकवतात आणि पलीकडे हाक मारतात, “साखरे, हाईस का गं?” मग दोघी मिळून सावकाश आंब्याकडे जातात.

मित्रांनो, उद्या तुम्हालाही शेजाऱ्याकडून हातभर जागा लागेल. जाताना टेप घरी ठेवा. त्याच्याजवळ बसा, आणि तो नाही म्हणाला तर उठून जाऊ नका. कशाची भीती वाटते ते विचारा. आणि वाटेत माझ्यासारखा एखादा दगड दिसलाच, तर त्याला उलथून टाकू नका. त्याच्यावर कुणाचे तरी ताट यायचे असते.