फोटोतली मुंगी

“अजून वर. त्या खडकापाशी. हां, बस. आता हलू नकोस.”

फोटोवाल्यांचा आवाज दरीच्या पलीकडून आला आणि तिने हात वर करून ऐकू आल्याची खूण केली. अंगात लाल जाकीट, पाठ कॅमेऱ्याकडे, तोंड डोंगराकडे. फोटोवाल्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पांढरा टॉवेल हलवेपर्यंत असंच उभं राहायचं, हा दोघांचा ठरलेला रिवाज होता. वारा कितीही बोचो, नाकाला खाज सुटो, हलायचं नाही. डोंगर केवढा आहे ते कळायला फोटोत एक माणूस लागतं, असं फोटोवाल्यांचं म्हणणं, आणि ते माणूस म्हणजे ती. फोटोत ती मुंगीएवढी दिसायची. म्हणून तिचं नाव मुंगी पडलं आणि खरं नाव मुलीच्या शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

जन्मभर या माणसाने पासपोर्टचे फोटो काढले होते. बिनखिडकीचं दुकान, पांढरी भिंत, तिच्यापुढे स्टूल. “हनुवटी खाली. खांदे सरळ. हसू नका.” मुंगी काउंटरवर बसून ते फोटो कापायची. दुकानाला शेवटचं कुलूप लावलं त्या दिवशी ते म्हणाले, “आता यापुढे एकाही माणसाचा चेहरा काढणार नाही.” मग त्यांनी घर विकलं, एक जुनी मालवाहू गाडी घेतली, सुताराकडून तिच्यात पलंग, ओटा आणि कपाटं बसवून घेतली आणि दोघं निघाली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुलगी म्हणाली, “लोक म्हातारपणी घर बांधतात, तुम्ही विकताय.” जावयाने गाडीभोवती फिरून एकेका टायरला लाथ मारून बघितली.

ते सगळं आता जुनं झालं होतं. जिथे उजाडेल तिथे चहा, मग पाठीवर पिशव्या टाकून डोंगर चढायचा, फोटो काढायचे आणि उतरायचं. पुढच्या गावाला जायचं की नाही, ते पाय किती दुखतात त्यावर ठरायचं. मुंगीला हे आयुष्य इतकं आवडलं होतं की तिला त्याची भीतीच वाटायची.

टॉवेल हलला. ती उतरून आली तेव्हा फोटोवाले मान वाकडी करून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होते.

“आलीस ना नीट?”

“आले की. मस्त आलेय.”

येणारच होती. जायच्या आधी “बघू तरी काय काढताय” असं म्हणत तिने कॅमेऱ्यात डोकावलं होतं, आणि डोकावता डोकावता तिपाईवरचा कॅमेरा हळूच हवा तिकडे वळवून ठेवला होता. हे तिचं गेले कित्येक महिने चाललं होतं.

सुरुवातीला तिचा गैरसमज झाला होता. एके दिवशी गाडीत बसून फोटो बघताना तिच्या लक्षात आलं की आपण त्यात नाहीच. डोंगर होता, आभाळ होतं, पण ती जिथे उभी होती तो खडकच चौकटीबाहेर. दुसऱ्या फोटोत तेच, तिसऱ्यात तिचा नुसता एक हात. तिला वाटलं, म्हातारी झाले म्हणून मला वगळताहेत. ती दोन दिवस फुगून बसली. मग फोटोवाल्यांनी चहा ओतला तो कपाच्या शेजारी, आणि ओतून झाल्यावर कप उचलून तोंडाला लावला. तेव्हा तिला खरं कारण कळलं.

त्यांना मधलं दिसत नव्हतं. कडेचं दिसायचं. जिकडे बघावं तिथेच नेमका डाग. त्यामुळे मुंगीकडे बघायचं असलं की ते शेगडीकडे तोंड करायचे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला बघायचे. एका गावात ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. “नंबर वाढलाय, बाकी काही नाही,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मुंगीनेही तो वाढवला नाही. कारण विषय काढला असता तर गाडी थांबली असती. तिला गाडी चालवता येत नव्हती, शिकायचं राहून गेलं होतं. मग मुलीच्या घरची मागची खोली, सुनेसारखं दबून राहणारी आई आणि खुर्चीत बसवून ठेवलेले बाबा. ते चित्र तिला बघवत नव्हतं.

म्हणून तिने कॅमेरा लावायला सुरुवात केली आणि रस्त्यावर बोलायला. मुळात अबोल बाई, पण गाडीत बसली की तोंडाला खळ नाही. “काय मोठा ट्रक येतोय बघा समोरून!” “अय्या, वळणावर किती फुलं!” “ती म्हैस आपल्यासाठी थांबणार नाही हं.” फोटोवाले हसायचे. “म्हातारपणी वाचा फुटली गं तुला.” ती पण हसायची आणि पुन्हा रस्त्याकडे डोळे लावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मुलीचा फोन आला. बाबांनी पाठवलेला एक फोटो कुणा कॅलेंडरवाल्याने पसंत केला होता.

“सगळे मला म्हणतात आई, ‘या वयात काय नजर आहे तुझ्या बाबांची!’”

फोटोवाल्यांनी हे दोनदा वदवून घेतलं. गाडी सुरू करताना त्यांची मान ताठ झाली होती. मुंगीने सवयीने तोंड उघडलं, “समोर जरा उतार आहे, किती हिरवा...”

“गप्प बस गं जरा. मला दिसतंय सगळं.”

ते रागाने बोलले नव्हते, मजेत बोलले होते. पण तिला लागलं. इतके महिने सतत बडबडून तिचा घसाच नाही, सगळा जीव थकला होता. बरं, दिसतंय ना, मग बघा, असं मनात म्हणून ती गप्प बसली. कितीतरी दिवसांनी तिने बाजूच्या काचेतून बाहेर बघितलं. दरीत ऊन उतरत होतं. तिला बरं वाटलं.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. अर्ध्या रस्त्यावर खडी पसरली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर, बरोबर मध्ये, एक बाई लाल निशाण धरून उभी होती. गाड्या थांबवणं हे तिचं काम.

मुंगीला आधी आवाज ऐकू आला. तिने मान वळवली तोवर निशाण काचेवर येऊन पडलं होतं.

दवाखाना लहान होता. व्हरांड्यात एक बाक आणि पाण्याचा पिंप. पोलीस उभा राहून लिहून घेत होता. शेजारी रस्त्याच्या कामावरचा मुकादम घाम पुसत होता. त्याला स्वतःची मान सोडवायची होती.

“हललीच असणार ती, साहेब. कितीदा सांगितलंय, एका जागी उभी राहा. पण ऐकलं तर ना.”

“एकदम मध्ये आली का?” पोलिसाने फोटोवाल्यांना विचारलं. म्हातारा माणूस आहे म्हणून त्याचाही आवाज मऊ होता.

“एकदम,” फोटोवाले म्हणाले. “रस्ता मोकळा होता. एकदम काचेवरच.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती बाई खरंच कुठूनतरी उगवली होती. पोलिसाने मान हलवली. सगळं जुळत होतं. आणखी दोन ओळी लिहिल्या की हे दोघं गाडी घेऊन पुढच्या डोंगराकडे निघायला मोकळे होते.

आतल्या खोलीत निशाणवालीला शस्त्रक्रियेसाठी तयार करत होते. दार नीट लागत नव्हतं. तिचा आवाज बाहेर येत होता, सारखा तेच ते बोलणारा. “मी हलले नाही हो बाई. मी हलले नाही.”

लाल काहीतरी घेऊन उभं राहायचं, हलायचं नाही, आणि दिसायचं. मुंगीला त्या कामाबद्दल कुणी काही सांगायला नको होतं.

“ती हलली नाही,” मुंगी म्हणाली.

मुकादमाने तिच्याकडे रागाने बघितलं. पोलीस थांबला. “तुम्ही बघितलंत?”

“मी खिडकीबाहेर बघत होते. पण हे लिहा की यांना समोरचं दिसत नाही. वर्ष होत आलं. मला माहीत होतं.”

पोलिसाने फोटोवाल्यांसमोर पेन धरलं. “काका, हे काय आहे?” फोटोवाल्यांनी पेनाकडे बघितलं, मग मान कलती केली, मग मान खाली घातली. पोलिसाने आधी लिहिलेलं खोडलं.

तो गाडीची किल्ली घेऊन गेल्यावर दोघं बाकावर बसली.

“तुला कसं कळलं?” फोटोवाल्यांनी विचारलं.

“मी फोटोत नसायचे.”

“पण असतेस की.” त्यांचा आवाज चढला. “मी सुद्धा घाबरलो होतो मुंगी. डॉक्टर म्हणाला होता, गाडी सोडा. पण मग फोटो सुधारले. तू म्हणायचीस, मस्त आलेय. पोरगी पण म्हणायची. मला वाटलं, नेमकी मुंगी टिपतोय मी डोंगरात, म्हणजे गाडी चालवण्याइतकं तरी दिसतंय. त्या फोटोंवरच तर मी...”

“फोटो मी लावत होते,” मुंगी म्हणाली. “तुम्ही नुसतं बटण दाबत होता.”

ती हे फार हळू बोलली. तिला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. माया म्हणून जे केलं ते त्या बाईच्या पायावरून गेलं होतं.

संध्याकाळी कळलं, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सकाळी मुंगी तिच्या खाटेपाशी गेली. निशाणवाली तिच्याहून बरीच लहान होती. मोठी बहीण उशाशी बसून तिला चमच्याने पाणी पाजत होती.

“तुम्ही हलला नव्हता,” मुंगी म्हणाली. “मी तसं लिहून दिलंय. गाडी आमची होती.”

बहिणीचा चमचा थांबला. निशाणवालीने डोळे उघडून मुंगीच्या जाकिटाकडे बघितलं. दुसरं काही घालायला मिळालं नव्हतं, तेच अंगात होतं.

“मग मी दिसले कशी नाही?” तिने विचारलं. “एवढं मोठं निशाण होतं.”

मुंगी तिथेच उभी राहिली. मग बहीण म्हणाली, “जा आता तुम्ही,” तेव्हा ती बाहेर आली.

दुपारी मुलगी आणि जावई आले. मुलगी आधी रडली, मग चिडली, मग पोलिसांनी नुकत्याच गाडीतून आणून दिलेल्या कपड्यांच्या पिशव्या उचलून मोजल्यासारख्या इकडच्या तिकडे ठेवू लागली. जावई पोलिसांकडे जाऊन आला. गाडी तिथल्या आवारात लावली होती.

“मागची खोली रिकामी केलीय,” मुलगी म्हणाली. “चला.”

“त्या बाईचं काय लागेल ते बघितल्याशिवाय मी हलणार नाही,” मुंगी म्हणाली.

मुलीने कपाळाला हात लावला आणि वडिलांकडे वळली. फोटोवाले बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. तोंड पाण्याच्या पिंपाकडे. कालपासून ते मुंगीशी एक शब्द बोलले नव्हते.

“बाबा, निदान आईकडे बघा तरी. असं तोंड फिरवून काय बसलात?”

फोटोवाले हलले नाहीत. पिंपाकडेच तोंड करून बसून राहिले, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत.

मुंगीच्या मागे दवाखान्याची पांढरी भिंत होती. तिने खांदे सरळ केले, हनुवटी जराशी खाली घेतली आणि त्यांचं बघून होईपर्यंत तशीच बसून राहिली.