हे दार कुणाचं?

जगाचा अंत जवळ आला आहे, हे विमासाहेबांना त्यांच्या मोबाइलवर कळलं. त्या दिवसांत बऱ्याच लोकांना ते तिथेच कळत होतं, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. विशेष एवढंच, की विमासाहेबांनी ते मनावर घेतलं.

ते एका विमा कंपनीत होते. कुठल्या गोदामाला आग लागण्याचा संभव किती, कुठल्या दुकानात पाणी शिरण्याचा किती, हे खुर्चीत बसून ठरवणं त्यांचं काम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना आगी लागण्याचा विचार करत बसलेल्या माणसाला सगळ्या जगाचाच निकाल लागणार हे पटायला फारसा वेळ लागला नाही.

आणि खुणा दिसतही होत्या. गावाचे 'आपल्यातले' आणि 'त्यांच्यातले' असे दोन वाटे केव्हाच पडले होते. आधी ते फक्त बोलण्यात होते, मग दुकानांत आले. केस कापायला आपल्यातला, दात काढायला आपल्यातला. इमारतीच्या एका ग्रुपचे दोन ग्रुप झाले आणि दोन्हीकडे रोज सकाळी तीच फुलांची चित्रं यायला लागली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मधोमध भिंत घालावी असाही ठराव आला होता. खालून पाणी एकाच पाइपातून येतं, असं प्लंबरने सांगितलं, तेव्हा सभासदांनी तो प्लंबर कुणाच्यातला आहे याची चौकशी केली.

मोबाइलमधले एक व्याख्याते रोज या खुणांचा अर्थ सांगत. त्यांचा आवाज घोगरा आणि प्रेमळ होता. "शेवटच्या दिवशी," ते म्हणत, "ते तुमच्या माणसांच्या आवाजात हाक मारतील. दार उघडू नका."

विमासाहेबांनी दाराला दोन जादा कड्या बसवल्या. बाहेरचं बघायच्या भिंगावर काळी चिकटपट्टी लावली, कारण बाहेरून आत दिसत असेल तर? आणि घरच्यांसाठी खुणेचा शब्द ठरवला: जांभळी छत्री. बाहेरून हा शब्द आला तरच दार उघडायचं. बायकोने कटकट नको म्हणून तो पाठ केला. आईने साफ नकार दिला.

"माझ्याच घरात शिरायला मी छत्री-छत्री ओरडू? शेजारचे मला वेड्यांच्या दवाखान्यात नेतील," ती म्हणाली.

"आई, वेळ सांगून येत नाही."

"नाही ना? मग तुझे ते व्याख्याते रोज कसली वेळ सांगतात?"

आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, असं म्हणून विमासाहेब उठले. ती नेहमीच जिंकत आली होती, हे त्यांनी म्हटलं नाही.

त्या दिवशी सकाळी आईची कवळी मधोमध तडकली. तुकडे रुमालात गुंडाळून ती एकटीच दातांच्या डॉक्टरांकडे गेली. दुपारी ग्रुपवर निरोप आला, की बाजारात काहीतरी झालं आहे. काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. खाली एकामागून एक शटर ओढल्याचे आवाज आले. मग वीज गेली. मग मोबाइलची रेंज गेली, आणि व्याख्यातेही विमासाहेबांना एकटं टाकून गेले.

"मी सासूबाईंना बघून येते," बायको चप्पल घालत म्हणाली.

"वेडी आहेस का? ती डॉक्टरांकडे आहे. तिथे सुरक्षित आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

विमासाहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी सगळ्या कड्या लावल्या आणि फ्रिज ढकलत आणून दाराला टेकवला. खिडकीच्या फटीतून जळक्या टायरचा वास येत होता. लांबून माणसांचा गलका येत होता. त्यातला एकही शब्द कळत नव्हता, म्हणून तो जास्तच भयंकर वाटत होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"अरे, उघड. मी आहे."

आवाज बाईचा होता. म्हातारा, फुसका, हवा निसटत असलेला. आईचा आवाज कसा खणखणीत!

"कोण मी?" विमासाहेबांनी विचारलं.

"कोण मी म्हणजे? तुला नऊ महिने वागवलेली!"

"अहो, सासूबाई आहेत!" बायको फ्रिजकडे धावली. विमासाहेबांनी तिचा हात धरला.

"आवाज ऐक. हा तिचा आवाज नाही."

"कवळी नाहीये तोंडात!" बाहेरून उत्तर आलं. "डॉक्टर दुकान टाकून पळाला, कवळी आत राहिली. गुडघा सुजलाय माझा. उघड आधी."

"खुणेचा शब्द सांग."

मग तो फुसका आवाज म्हणाला, "लहानपणी तू पालीला घाबरून शाळेचा गृहपाठ माळ्यावर टाकून पळाला होतास. पुरे का?"

हे आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. विमासाहेबांनी फ्रिजला हात घातला, आणि तेवढ्यात त्यांना बाहेर आणखी एक श्वास ऐकू आला. जड. पुरुषाचा.

"तुझ्याबरोबर कोण आहे?"

"वरचा वायरमन आहे. दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते मी, त्याने स्कूटरवर घालून आणलं."

वरचा वायरमन! म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा. म्हणजे त्यांच्यातला. विमासाहेबांच्या घरातले पंखे, दिवे, गीझर, सगळं त्यानेच बसवलं होतं. पण ते वाटे पडण्याच्या आधी.

"त्याला जाऊ दे. तो गेला की मी उघडतो."

"तो गेला की मी पडेन," आई म्हणाली. "त्याच्या खांद्यावर भार टाकून उभी आहे मी."

"साहेब," वायरमनचा आवाज आला. त्यातही कापरं होतं. "मी मावशींना इथे पायरीवर बसवतो आणि वर जातो. मग उघडा. माझी बायकोपोरं वर एकटी आहेत हो."

विमासाहेबांना वाटलं, म्हणायला गोड आहे. नेमकं असंच बोलतील. खाली जिन्यात दबा धरून बाकीचे बसले असतील. गलका आता गल्लीच्या तोंडाशी आला होता. कुठेतरी काच फुटली.

"आई, तुला कळत नाही. हा अंत आहे. सगळ्या खुणा जुळल्यात!"

"अरे शहाण्या, तू पाळण्यात होतास तेव्हाही गावात असंच पेटलं होतं. तेव्हाही लोक म्हणाले, अंत आला. अंत काही आला नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाला आला. पण ज्यांना ज्यांना दार उघडलं नाही, ती माणसं परत आली नाहीत. त्यांच्यापुरतं जग बुडालंच की! आणि ते आकाशातून कुणी येऊन बुडवलं नव्हतं. लोकांनी आतून कड्या लावल्या होत्या, एवढंच."

विमासाहेबांनी फ्रिजला पाठ टेकवली.

"चल बाबा," आई बाहेर वायरमनला म्हणाली. "मला वर घेऊन चल. इथे साहेब कामात आहेत."

घसटत जाणारी पावलं वर गेली. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. मग आवाज आला नाही.

विमासाहेबांनी श्वास सोडला. हायसं वाटलं त्यांना.

आणि पुढच्याच क्षणी, आपल्याला हायसं वाटलं, हे त्यांच्या लक्षात आलं! सुजल्या गुडघ्याची म्हातारी आई जिन्यावरून निघून गेली, आणि त्यांना बरं वाटलं! एवढी भीती त्यांना टायरच्या वासाने वाटली नव्हती. ज्याची वाट बघत ते महिनोन्‌महिने दार बंद करून बसले होते, ते बाहेर नव्हतंच. ते फ्रिजच्या अलीकडे उभं होतं आणि त्याच्या अंगात विमासाहेबांचा सदरा होता.

बायको त्यांच्याकडे बघत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "आता मीही बाहेर गेले, तर मला उघडाल?"

विमासाहेबांनी फ्रिज ढकलला. कड्या काढताना बोटं इतकी थरथरत होती, की एक कडी तिनेच काढली. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिने आधीच मुठीत घेतल्या होत्या.

जिन्यात अंधार होता. तिसऱ्या मजल्यावर वायरमनचं दार बंद होतं. विमासाहेबांनी हलकेच वाजवलं.

"कोण?" आतून बाईचा घाबरलेला आवाज आला.

"मी. खालचा. विमावाला."

आत कुजबुज झाली. मग तीच बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "उघडू नका हो! ओळखीच्या आवाजात बोलवतात, सांगितलंय ना आपल्याला!"

विमासाहेब जागीच थिजले. म्हणजे यांच्याकडेही होते! व्याख्याते दुसरे, आवाज कदाचित तितकाच प्रेमळ. खुणा मात्र त्याच. दोन्ही बाजूंना एकच माल विकला गेला होता.

"मावशी," आतून वायरमन विचारत होता, "तुमचेच साहेब आहेत का हो हे?"

"आवाज त्याचाच आहे," आईचा फुसका आवाज आला. "माणसाचं आत्ता काही सांगता येत नाही."

"वहिनी," विमासाहेब दाराला तोंड लावून म्हणाले, "नका उघडू. तुम्ही घाबरताय ते बरोबर आहे. मी आत येत नाही. आईच्या गोळ्या दाराखालून सरकवतो. आम्ही दोघं इथेच बसतो."

गोळ्यांचं पाकीट दाराखालून आत गेलं. नवरा-बायको बंद दाराला पाठ लावून पायरीवर बसले. आपण घरी जावं, असं विमासाहेबांना दर श्वासाला वाटत होतं; पण ते उठले नाहीत.

मग खाली फाटक आदळलं आणि जिन्यावर पावलं वाजली. पुष्कळ. चारपाच जण वर आले, हातांत लोखंडी गज. सगळ्यांत पुढे इमारतीचाच सेक्रेटरी होता. विमासाहेबांच्या ग्रुपवर फुलांची चित्रं तोच पाठवायचा.

"विमासाहेब? तुम्ही इथे?" तो चपापला. मग त्याने गजाने दाराकडे बोट केल्यासारखं केलं. "हे दार कुणाचं?"

त्याला माहीत होतं. विमासाहेबांनाही माहीत होतं, की त्याला माहीत आहे. उत्तर एका शब्दाचं होतं, 'त्यांचं', आणि तो शब्द उच्चारला की दोघांना सुखरूप घरी जाता येणार होतं.

"आमचं," विमासाहेब म्हणाले.

"तुमचं घर खाली आहे ना?"

"तेही आमचंच. माझी आई आत आहे. तिचा गुडघा सुजलाय. तुम्हाला काही हवं असेल तर आधी मला विचारा." त्यांचा आवाज इतका कापत होता, की हे शौर्य आहे असं कुणालाही वाटलं नसतं.

बायको उठून त्यांच्याशेजारी उभी राहिली. सेक्रेटरीने मागे पाहिलं. मागच्या पोरांपैकी एकाचा विमा विमासाहेबांनीच मंजूर केला होता. तो जमिनीकडे बघायला लागला. जमाव असला, की कुणाला ओळखावं लागत नाही. इथे तर ओळख निघाली होती.

"चला रे," सेक्रेटरी पुटपुटला. पावलं खाली गेली. थोड्या वेळाने खाली काहीतरी भडकलं. त्यांनी वायरमनची स्कूटर पेटवली होती.

दार उघडलं ते वायरमनच्या बायकोने. तिने दोघांना दंडाला धरून आत ओढलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. विमासाहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. तिने रडू दिलं.

"आई, मी तुला..."

"माहीत आहे. तुझी बायको उघडायला धावली होती, तेही ऐकलं मी. भीती सगळ्यांनाच वाटते रे. मलाही वाटत होती, यालाही वाटत होती. पण भीती वाटली म्हणून त्याने मला ओट्यावर सोडलं नाही. तुझ्यात आणि त्याच्यात फरक आज एवढाच होता. कोण कुणाच्यातला, हा नव्हे."

नागरिकहो, जगाला अंत आहे की नाही, हे सांगणारे फार आहेत; आम्हाला ते ठाऊक नाही. पण माणसामाणसांत पडलेली फूट ही वरून आलेली खूण नसते. ती आपण पाडतो, रोज थोडी थोडी, आणि मग तिच्याकडेच बोट दाखवून म्हणतो, बघा, दिवस भरले! ज्या दिवशी आपण शेजाऱ्याला दार उघडत नाही, त्या दिवशी अंत आलेलाच असतो. आणि ज्या दिवशी कापऱ्या हातांनी का होईना पण उघडतो, त्या दिवशी तो थोडा पुढे ढकलला जातो. तेवढंच आपल्या हातात आहे, आणि ते काही थोडं नाही.

त्या संध्याकाळी वायरमनच्या दारावर पुन्हा थाप पडली. आतले सगळे गप्प झाले. वायरमनची पोरं आपल्या आईच्या पदरात शिरली.

"मी तळमजल्यावरची," बाहेरून एक बाई म्हणाली. "एकटीच आहे हो. फार भीती वाटतेय."

ती कुणाच्यातली, हे कुणीच विचारलं नाही. विमासाहेब उठले. त्यांनी कडी काढली.